तांबडा झाला, पांढरा कधी?

यावेळचं पत्र आपल्या कोल्हापुरातलंच आहे, शिवाजी पेठेतलं. नाव छापू नका म्हणाल्यात आणि खाली सही केलीय 'एक कलेक्टरीण'. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"मी ४७ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. २१ दिवसांनी एक अशा लाल औषधाच्या ४ सायकल आणि मग दुसऱ्या औषधाच्या ४. लालच्या ३ झाल्या. घरात मिस्टर, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. आमचं बोलणं म्हणजे चौकापर्यंत ऐकू जाणार. माझं माहेर पाटाकडील टीमवालं, सासर खंडोबा टीमवालं, त्यामुळं फुटबॉलच्या सीझनला स्वयंपाकघरात पण मॅच चालू असायची. सासूबाई सगळ्यांना टोपणनावं ठेवणार, हिशोबाची वही माझ्या हातात म्हणून मला कलेक्टरीण म्हणायच्या. आता सगळे कुजबुजतात. टीव्ही म्यूट असतो. सासूबाई मला 'बाळ' म्हणतात. परवा तिसरी सायकल घेऊन येताना गाडीत मी सहज म्हटलं, आज पण तांबडाच वाढला, पांढरा कधी देणार काय माहीत. तर पोरगं फिस्सकन हसलं. सासूबाईंनी त्याला तिथंच झापलं, आईची ही अवस्था आणि तुला दात काढायला सुचतंय. घरी येऊन तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला, मला ऐकू आलं. तेव्हापासून घरात कुणीच हसत नाही. माझं चुकलं का? आणि ह्या माणसांना परत कसं हसवायचं?"

कलेक्टरीणबाई,

मी ह्याच नावानं हाक मारणार, कारण तुम्ही स्वतः सहीला हेच नाव घेतलंय, बाळ नाही घेतलं.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. तांबड्या-पांढऱ्याचं वाचून मी मोठ्यानं हसले आणि पुढच्या ओळीत नळाचं आलं तेव्हा पत्र खाली ठेवून जरा वेळ तशीच बसले. ते लाल औषध बघितलेल्या माणसाला कळेल तुम्ही काय केलंत ते. डॉक्सोरुबिसिन, वॉर्डात सगळे अ‍ॅड्रिया म्हणतात, शिरेत जाताना दिसतं लालभडक, दुसऱ्या दिवशी लघवीला पण लालसर होते आणि पहिल्यांदा बघणारा घाबरून जातो. अशा औषधाला तुम्ही आपल्या ताटातल्या रश्श्याचं नाव दिलंत, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यात सासूबाईंना मरण दिसलं आणि पोराला आपली जुनी आई दिसली, म्हणून तो हसला.

आधी एक गोष्ट साफ सांगते, कारण तुम्हाला पण कुणीतरी मोबाईलवर पाठवलंच असेल की हसत राहिलं की कॅन्सर पळून जातो. नाही जात. कॅन्सरवर औषध काम करतं, ऑपरेशन काम करतं, डॉक्टर सांगतील ते रेडिएशन करतं. तुम्ही एखाद्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडलात म्हणून औषधाचा असर कमी होत नाही आणि दिवसभर हसलात म्हणून रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतेय कारण 'पॉझिटिव्ह राहा' ह्या दोन शब्दांनी पेशंटच्या डोक्यावर जे ओझं बसतं ते मी घरात बघितलंय, उलट्या करून आलेल्या बाईला वर तोंड हसरं ठेवायचं काम. ते तुमच्यावर नको. हसायचं ते त्या संध्याकाळी बरं वाटावं म्हणून आणि घर घरासारखं वाटावं म्हणून, बस.

आता हसू गेलं कुठं? मला वाटतं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ज्या दिवशी कलेक्टरीणची बाळ झाली त्याच दिवशी ते गेलं. बाळाशी कोण भांडतंय, बाळाकडं कोण हिशोब मागतंय, बाळाची टिंगल कोण करणार? तुमच्या घरातलं हसणं हे भांडणातून, हिशोबातून, पाटाकडील-खंडोबातून येत होतं आणि ते सगळं तुमच्या हातातनं काढून घेतलंय, प्रेमानंच घेतलंय, पण घेतलंय. त्यामुळं विनोदाचे व्हिडिओ लावून, जोक फॉरवर्ड करून काही होणार नाही. तुमचं काम तुम्हाला परत मिळालं पाहिजे.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही, आईच्या वेळी कळलं. तिची केमो २०१९ साली चालू होती, ६८ वर्षांची होती तेव्हा. आम्ही तिला आतल्या खोलीत ठेवलेलं, ताट तिथंच, चहा तिथंच, मीठ कुठं ठेवलंय एवढं सुद्धा विचारायला जायचो नाही कारण तिला त्रास नको. ती दिवसेंदिवस गप्प होत गेली आणि आम्हाला वाटायचं औषधामुळं. मग ऑगस्टमध्ये महापूर आला. आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही पण पंचगंगेवरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं शहराचं नळाचं पाणी बंद, हायवे शिरोलीला बंद, आईची सायकल पुढं ढकललेली आणि घरात ७ माणसं. टँकर येणार तर पाणी किती घ्यायचं, कशात भरायचं, प्यायचं कुठलं आणि भांड्याला कुठलं, आम्हाला कुणालाच काही सुचेना. शेवटी आत्या आत जाऊन म्हणाली, "वैनी, तूच सांग गं."

आई उठली. डोक्यावर एक केस नाही, बाबांची शाल गुंडाळलेली, येऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि तिथनं सुरू झाली, ती घागर नको ती गळतीया, आधी पिंप भरा, प्यायचं उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. खाली टँकरवर एक पोरगं होतं, १५-१६ वर्षांचं असेल, त्यानं वर बघून हाक मारली, "ओ आजोबा, दोरीला बादली बांधून सोडा की खाली!" आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. बहिणीनं माझा हात धरला. आणि आईनं घसा खाकरून जाड आवाजात सांगितलं, "सोडतो की लेका, दम धर." आता आपल्याकडं बायका पण सोडतो, येतो, जातोच म्हणतात, त्यामुळं त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही. तो पाणी देऊन वर "येतो आजोबा" म्हणून गेला. मग आई हसायला लागली ती शाल तोंडात कोंबून, डोळ्यातनं पाणी, आणि मग आत्या, मग बाबा, मग सगळेच. महिन्याभरात पहिल्यांदा. त्या दिवसापासून घरात तिला आजोबा हे नाव पडलं आणि ते तिनं स्वतः लावून घेतलं, केस आल्यावर पण.

बघा, आधी तिला काम मिळालं आणि हसू मागनं आलं. आई आता ७४ ची आहे. हे सांगून मी तुम्हाला कसली गॅरंटी देत नाही, प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, तुमचं तुमचे डॉक्टर सांगतील. घराचं मात्र मी सांगू शकते.

सुरुवात सासूबाईंपासून करा. त्यांच्यावर चिडू नका. त्या वाक्याच्या मागं भीती आहे, आपल्या आधीच्या पिढीत कॅन्सर हा शब्द घरात उच्चारत नव्हते, आजारी माणसाच्या घरात हसलं तर नजर लागते, लोक काय म्हणतील, हे त्यांच्या अंगात मुरलंय. आणि सुनेच्या आधी आपण जायला पाहिजे होतं हे कुठल्याही सासूच्या मनात येतंच, बोलत नाहीत. दुपारी घरात दोघीच असताना त्यांच्याजवळ बसा आणि सरळ म्हणा, "आत्या, मला बाळ म्हटलं की मला भीती वाटते. कलेक्टरीण म्हणा." एवढंच म्हणा, समजावून सांगत बसू नका. रडतील, रडू द्या, तुम्ही पण रडा. मग हिशोबाची वही मागून घ्या. गेल्या ३ महिन्यात दूधवाल्याचे किती गेले, कुणी खाडे लिहिले का, विचारा. मला खात्री आहे खाडे कुणी लिहिलेले नसणार आणि तिथंच तुमचं पहिलं भांडण होईल, होऊ द्या.

आणि त्यांच्या जिभेला काम द्या. भेटायला येणाऱ्यांचं तुम्ही लिहिलं नाही पण येत असणारच, सोफ्यावर बसून 'आमच्या जावेच्या बहिणीला पण हेच झालं होतं, गेली बिचारी' असं सांगणारी. आमच्याकडं एक बाई आलेल्या, आईचा हात हातात घेऊन अर्धा तास स्वतःच रडल्या आणि आईच त्यांना पाणी आणा म्हणाली. अशा लोकांना दारातच थांबवायला धारदार बोलणारं माणूस लागतं आणि तुमच्या सासूबाईंसारखं माणूस शोधून सापडणार नाही. सांगा त्यांना, आत्या, दार तुमच्याकडं.

पोराला उशीर करू नका, आजच. तो आईसमोर हसला म्हणून त्याला शिक्षा झाल्यासारखं झालंय, १७ वर्षांच्या पोरानं ह्यातून एवढंच शिकायचं का की आईजवळ गंभीर तोंड करून बसायचं? समोर बसवून बोलायला गेलात तर तो उठून जाईल, ह्या वयाची पोरं तशीच. मेसेज करा. 'त्या दिवशी तू हसलास ते मला आवडलं. तू एकटाच हसलास.' त्याचं उत्तर नुसता अंगठा आला तरी समजा पोचलं. आणि त्याला शाहू स्टेडियमवर पाठवा. जात नसेल, मला नक्की वाटतंय तो जायचा थांबलाय. ड्युटी लावा, मॅचला जायचं आणि हाफटाइमला फोन करून आईला सगळं सांगायचं, कुणी चुकवलं, रेफ्री कसा आंधळा, सगळं. तुम्ही इथनं पाटाकडीलची बाजू घेऊन भांडा. घरी आला की हातपाय धुऊन कपडे बदलून मग तुमच्याजवळ, आणि सर्दी-खोकला असेल तर मास्क लावून लांबून.

मिस्टरांचं तुम्ही एका ओळीत सुद्धा लिहिलेलं नाही. असं का? बहुतेक ते फाईल सांभाळतायत, गोळ्यांचे डबे भरतायत, ब्लड रिपोर्ट घेऊन पळतायत आणि दिवसाला तुमच्याशी बोलतात ते एवढंच, गोळी घेतली का, ताप बघितला का. नवरा असताना त्याचा वॉर्डबॉय होऊन जातो माणूस. एक तास ठरवा, रात्री ८ ते ९ म्हणा, त्या तासात आजार हा विषय बंद. मग सुरुवातीला १० मिनिटं दोघं नुसते भिंतीकडं बघत बसाल कारण बोलायला दुसरं काही उरलेलंच नसतं, पण बसा तशाच, येतं काहीतरी.

चेष्टेचा नियम एकच. केसांची, टकलाची, मरणाची गंमत आधी तुम्ही करायची, मग बाकीच्यांनी. दुसऱ्या कुणी पहिल्यांदा केली की ती लागते. आणि तुमचा मूड नसेल तर 'आज नको' म्हटलं की विषय संपला, तोंड पाडायचं नाही, सॉरी-बिरी नाही. पोरगं तुमच्यासाठी टक्कल करतो म्हणाला तर आधी विचार म्हणावं, काही बायकांना छान वाटतं आणि काहींना घरात दोन टकली बघून जास्त रडू येतं.

आता थोडं वेळापत्रक, कारण हसायला अंगात जीव लागतो आणि २१ दिवस सारखे नसतात हे तुम्हाला ३ सायकलनंतर कळलंच असेल. केमोबरोबर स्टिरॉइड देतात त्यामुळं पहिले एक-दोन दिवस झोप नाही, उगाच हुशारी, आणि ते उतरलं की धपकन बसतं सगळं. त्या दिवसात कुणी हसवायला आलं तर हाकलून द्या. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा पाहुणे नाहीत, लग्न-बारसं नाही, महाद्वार रोडची गर्दी नाही. तिसरा आठवडा तुमचा. जे काही करायचं ते त्यात, रंकाळ्यावर संध्याकाळी चक्कर, माहेरच्यांना बोलावणं, गच्चीवर पत्ते. आईला आम्ही अशाच एका चांगल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून केशवराव भोसले नाट्यगृहात नेलेलं, मागच्या रांगेत कडेला मास्क लावून बसवून. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते जळालं तेव्हा आईनं मला फोन करून तो सीट नंबर सांगितला, तिला पाठ होता.

ताप मात्र ह्या सगळ्याच्या वर. १०० पॉइंट ४ दिसला की रात्रीचे २ वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन आणि निघायचं. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही, त्या दिवसात इन्फेक्शन तासाभरात वाढतं आणि गोळीनं ताप फक्त झाकला जातो. थंडी वाजून येणं, दम लागणं, तसंच. हे सासूबाईंना पण सांगून ठेवा. आणि चौथ्या सायकलला लाल औषध जाताना हातावर आग झाली, सूज वाटली तर लाजायचं नाही, लगेच सिस्टरला हाक मारायची, ते औषध शिरेबाहेर गेलं की मांस जाळतं.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही पण तांबड्या-पांढऱ्याचा विषय तुम्हीच काढलाय. तोंड आलेलं असताना तिखट नको, अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातनं चार-पाच वेळा गुळण्या करा. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. गरम जेवणाच्या वासानं मळमळत असेल तर थोडं गार होऊ द्या, वास कमी होतो. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सध्या बंद म्हणजे बंद, मिस्टरांनी प्रेमानं तांब्या भरून आणला तरी, कच्चं दूध ह्या दिवसात चालत नाही, उकळून काय ते प्या. कोशिंबीर, मिसळीवरचा कच्चा कांदा, तेही थोडे महिने लांब.

अजून एक, आणि हे गंभीरपणे घ्या. हसू येत नाही हे वेगळं आणि दोन आठवडे कशातच मन नाही, झोप नाही, सकाळी उठायचं कशाला असं वाटणं हे वेगळं. तसं झालं तर तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा, मळमळ सांगता तसं, त्याच्यावर पण औषध आहे आणि समुपदेशन आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. बाथरूममध्ये रडणाऱ्या पोराला पण हा नंबर देऊन ठेवा. मिस्टरांना पण.

तर आता चौथी सायकल राहिलीय, म्हणजे शेवटचा तांबडा. पाचवीपासूनचं औषध कुठलं ते फाईलमध्ये बघा, लालच्या चार झाल्यावर बऱ्याचदा पॅक्लिटॅक्सेल देतात, ते पाण्यासारखं असतं, बिनरंगी. म्हणजे तुमचा पांढरा येतोय, कलेक्टरीणबाई. त्यात हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, अंग दुखतं, आलं की डॉक्टरांना सांगायचं, सहन करत बसायचं नाही.

त्याच्या आधी, चौथीच्या अगोदरच्या आठवड्यात तोंड बरं असेल तर सासूबाईंना घरी पांढरा रस्सा करायला लावा, मटण चांगलं शिजवून, तिखट बेतानं. तुम्ही स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसा आणि मधेच म्हणा, आत्या, खसखस जास्त पडली वाटतं. मग त्या काय म्हणतात ते मला कळवा.

तुमची,
ताई